पिवळ्या पायांचा गुरुवार

हळद शिजायला लागली की आमच्या गावाचा वास बदलतो. वारंगा फाट्यावर एसटीतून उतरलं की तो वास गावापर्यंत सोबत चालतो. ओल्या मातीचा, गरम वाफेचा, थोडा कडवट. लहानपणी गुडघा फुटला की आई जे दाबून धरायची, त्याचा. बाहेरगावची माणसं मोठा श्वास घेऊन ‘वा’ म्हणतात. मी म्हणत नाही. मी हळदीचा व्यापारी आहे. वासावरून मला एवढंच कळतं की कोणाचा माल नीट शिजला आणि कोणी घाईघाईत कच्चाच ताडपत्रीवर ओतला.

हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की परवा शेजारच्या शेतात हळद शिजवायच्या कुकरचं झाकण उघडलं, वाफेचा लोट रस्त्यावर आला आणि मी चालता चालता थांबलो. खाली बघितलं. माझे पाय पिवळे होते. घोट्यापर्यंत, नखांच्या कडांपर्यंत. मग मला तो हंगाम आठवला, आणि हंगाम आठवला की राग आठवतो, आणि राग आठवला की योहानमामा आठवतात. हा क्रम इतक्या वर्षांत बदललेला नाही.

या दिवसांत आमच्याकडे सगळ्यांचेच पाय पिवळे असतात. खणणाऱ्यांचे, वाहणाऱ्यांचे, वाळत घातलेली हळकुंडं पायानं फिरवणाऱ्यांचे. भाकरीवर बोटांचे ठसे पिवळे, कुत्र्याचं शेपूट पिवळं, धुऊन वाळत टाकलेलं पांढरं धोतर आणखी धुतल्यावर आणखी पिवळं. आमच्या बारा ख्रिस्ती घरांत गायनाची जी जुनी पुस्तकं आहेत, ती उघडून बघा. उपवासाच्या दिवसांतली, वधस्तंभाची गाणी जिथं आहेत, त्या पानांचे कोपरे पिवळे आहेत. नाताळच्या गाण्यांची पानं पांढरी. कारण उपवासाचे दिवस येतात ते नेमके हळदीत. परक्या माणसाला त्या पुस्तकाची नुसती कड दाखवली तरी तो सांगेल, दुःखाची गाणी कुठून कुठपर्यंत आहेत.

बारा घरं. या आकड्याचा आम्हाला पहिल्यापासून थोडा गर्व. पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी, ज्या संध्याकाळी प्रभूनं शेवटचं भोजन करण्याआधी बारा शिष्यांचे पाय धुतले, त्या संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये एक लांब बाक मांडला जातो. प्रत्येक घरातून एक माणूस त्यावर बसतो. पाळकसाहेब गुडघे टेकून पाय धुतात. त्यांच्याबरोबर तांब्या घेऊन पाणी ओतायचं काम योहानमामांचं. घमेल्यात पाणी पडतं ते स्वच्छ, आणि उचललं जातं ते पिवळंधमक. एक टॉवेल त्यासाठीच राखलेला. तो कधीच पांढरा झाला नाही.

बाकाच्या टोकाची बारावी जागा कोणालाच नको असायची. बारा शिष्यांतल्या एकानं प्रभूला शत्रूच्या हाती धरून दिलं, म्हणून आम्ही त्या टोकाला ‘धरून देणाऱ्याची जागा’ म्हणायचो. जो उशिरा येईल तो तिथं. मग त्याच्यावर वर्षभर थट्टा. “याच्याकून उधार नका घेऊ, ह्यो टोकावर बसतो.” माझा थोरला भाऊ त्या जागेच्या भीतीनं तासभर आधी जाऊन बसायचा.

आता मी कोण, ते सांगतो. माझा बाप दुसऱ्याच्या रानात हळद खणायचा. मी पॉलिशच्या ड्रमखाली पोतं धरून उभा राहायचो. ड्रम फिरला की हळकुंडांचं साल उडायचं आणि संध्याकाळी थुंकलो तरी पिवळं. तिथून मी रुमालाखालचा सौदा शिकलो. आता तो फारसा राहिला नाही, पण तेव्हा होता. दोन माणसं हातावर रुमाल टाकतात, खाली बोटं धरतात, वर चेहरे दगडासारखे. भाव बोटांनी ठरतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. मी त्यात कोणाला हार गेलो नाही. हात हातात आला की मला माणूस कळतो. गरजवंताचा हात गरम असतो, लबाडाचा कोरडा. मला कोणी शिकवलं नाही, कोणी पुढं ओढलं नाही. म्हणून जे केलं त्यावर माझं नाव असावं, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. ते मी लपवत नाही.

चर्चची जमीन शेणानं सारवलेली होती. पावसाळ्यात पोपडे धरायची. मी फरशी बसवायची ठरवली. हिंगोलीच्या दुकानदाराशी सकाळपासून दुपारपर्यंत घासाघीस केली, त्याचे चार चहा प्यालो, दोनदा उठून गेलो, दोनदा त्यानं परत बोलावलं. अशी फरशी आली. गवंडी माझा, वाळू माझी. आणि दाराशेजारी भिंतीत बसवायला मी एक काळा दगड घडवून आणला. हातभर लांब, वीतभर रुंद. एका अंगानं आरशासारखा, त्यावर माझं नाव कोरलेलं.

फरशी देवाला अर्पण करायच्या रविवारी तो दगड मी जीपमधून उतरवला. योहानमामा दारातच होते. मामा म्हणजे माझ्या बायकोचे, रूथचे, सख्खे मामा. पण सगळी मंडळी त्यांना मामाच म्हणायची. मंडळीतले सगळ्यांत वडील. नजर गेलेली, माणूस आवाजावरून ओळखायचे. हातात नेहमीप्रमाणे खराटा.

“मामा, ह्यो दगड दाराशेजारी बसवायचा हाय,” मी म्हटलं.

मामांनी खराटा बगलेत धरला. दगडावरून हात फिरवला, अक्षरांच्या खाचांत बोट घातलं आणि गंभीरपणे विचारलं, “चांगला हाय. कोण वारलं?”

सगळी मंडळी हसली. माझा भाऊ हसला. पाळकसाहेबांनी तोंड फिरवलं, पण त्यांचे हलणारे खांदे मला दिसले.

“कोणी वारलं न्हाई. माझं नाव हाय. फरशी मी दिली.”

“व्हय, तुमी दिली. आमाला ठाऊक हाय. देवालाबी ठाऊक हाय. मंग हे कोणासाठी लिवलं?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी दुसरं काढलं. आमच्या चर्चमध्ये आठवड्याआठवड्यानं झाडलोटीची पाळी असते, घराघराची. आमच्या घरची पाळी आली की मी काशीबाईला मजुरीवर पाठवायचो. माझा वेळ तिच्या वेळेपेक्षा महाग होता, साधा हिशोब.

“आन जावईबापू, फरशी दिली ते बराबर. पन झाडायला तुमच्या घरचं कोणी येत न्हाई. काशीबाईला धाडता. इथं पाळी असती, मजुरी नसती. दगड राहू द्या. खराटा धरा.”

मी दगड पुन्हा जीपमध्ये टाकला. जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पुढच्या रविवारी माझ्या गोदामात, हळदीच्या पोत्यांमध्ये, पाच घरांची वेगळी प्रार्थना सुरू झाली. पाचांत एक माझं. एक भावाचं, कारण तो हसला होता आणि त्याला ते फेडायचं होतं. एक माझ्या हमालाचं. एकाला मामांनी कधीतरी गाण्यात बेसूर म्हटलं होतं. आणि एकजण का आला ते त्यालाही माहीत नव्हतं. माणसं आधी वेगळी होतात, कारण मागून शोधतात.

गोदाम रस्त्याच्या या बाजूला, चर्च त्या बाजूला. मध्ये गणपतचं हॉटेल. रविवारी दोन्हीकडे एकाच वेळी गाणं सुरू व्हायचं. आम्ही मुद्दाम मोठ्यानं म्हणायचो. त्यांची पेटी जुनी, आमची मी नवी आणलेली. आमची ओळ संपायची तेव्हा त्यांची अर्ध्यात असायची. गणपत भजी तळता तळता मला म्हणाला, “काय शेट, तुमचा देव एक हाय का दोन? दोन्हीकून आवाज येऊन राहिला. त्यो बिचारा माझ्याच हाटेलात बसून राहिला असंल.” मी त्याचा चहा तसाच ठेवून उठलो. तो आठवडाभर मी त्याच्याकडे गेलो नाही, आणि आठवडाभर मला हेच आठवत राहिलं की देव असला तर खरंच तिथंच बसला असेल.

हळद एकट्यादुकट्याचं काम नाही. खणणं, गोळा करणं, कुकरपर्यंत वाहणं, शिजलं की गरम असतानाच पसरणं. आमच्या बारा घरांची सावड होती; आज सगळ्यांनी मिळून एकाचं रान, उद्या दुसऱ्याचं. त्या साली सावड मोडली. सात घरं तिकडं, पाच इकडं. तिकडं कुकर पेटायचा पण पसरायला हात कमी; इकडं हात होते पण ते एकमेकांचं ऐकत नव्हते. मी ओरडायचो, भाऊ ओरडायचा. आधीच्या सालांत याच रानात बाया जी मस्करी करायच्या, कोणाच्या सुनेची, कोणाच्या नवऱ्याची, ती ऐकू येईना. नुसती फावडी वाजायची.

रूथ कुठंच गेली नाही. गोदामात नाही, चर्चमध्येही नाही. रविवारी पांढरं लुगडं नेसून ती आमच्या उंबऱ्यात बसायची, मांडीवर पुस्तक उघडून. अर्धं गाणं तिकडचं, अर्धं इकडचं. मला वाटलं, दोन रविवारांत कंटाळेल.

त्या गुरुवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेब हिंगोलीहून आले. त्यांच्याकडे अशी सहा-सात गावं, सगळीकडे मोटारसायकलवर. ते आधी चर्चमध्ये गेले, मग रस्ता ओलांडून गोदामात आले आणि दोन्हीकडे एकच सांगितलं. “गुरुवारी प्रभुभोजन चर्चमध्ये. बारा घरांची बारा माणसं बाकावर बसली तर विधी होईल. नाही बसली तर मी गाडी फिरवून परत जाईन. मी कोणाला बोलणार नाही, रागावणारही नाही.”

मी त्यांना पोत्याआड नेलं. “साहेब, असं करा. अर्धा तास तिकडं, अर्धा तास इकडं. येण्याजाण्याचं मी बघतो.”

“शेट,” ते म्हणाले, “हे सुटं मिळत नाही.”

मी हसलो, कारण उत्तर चांगलं होतं. पण मनात म्हटलं, बघू, गुरुवारपर्यंत कोण वाकतं.

त्या दिवशी जेवताना रूथ म्हणाली, “लग्न झाल्यापून माझा एकबी गुरुवार चुकला न्हाई. दोन बाळंतपणं झाली तरी चुकला न्हाई. औंदा चुकला तर मी तुमाला काही म्हणणार न्हाई. मामालाबी म्हणणार न्हाई.”

“मंग झालं तर.”

“झालं न्हाई. म्हणणार न्हाई म्हणजे गिळणार. आन गिळलेलं बाईच्या पोटात राहतं.”

ती माझ्या पानात भाकरी वाढून गेली. इतक्या वर्षांत मी शेकडो सौदे तोडले, दारातून परत आलो, पुन्हा दारापर्यंत गेलो. पण समोरचा माणूस भावच सांगत नाही, असा सौदा मला माहीत नव्हता.

गुरुवारी दुपारी मी गोदामात होतो. नांदेडकडचा एक खरेदीदार आला होता. त्यानं हळकुंड मोडून बघितलं. चांगलं वाळलेलं हळकुंड कट्‌कन मोडतं, काच मोडल्यासारखं. आमचा रुमालाखाली सौदा चालला होता. तेवढ्यात योहानमामा काठी टेकत दारात आले. कोणाशी बोलले नाहीत. एका पोत्यावर बसले, माल विकायला आलेला माणूस आपल्या पाळीची वाट बघतो तसे.

खरेदीदार गेला. मामा उठून माझ्यासमोर आले. “रुमाल टाका जावईबापू.”

“काय इकायला आणलं मामा?” मी जरा टाकूनच बोललो. हमाल बघत होते.

“टाका तर खरं.”

मी रुमाल टाकला. मामांनी खाली हात घातला. सौद्यात दोन बोटं धरतात, तीन धरतात, चिमटा काढतात. मामांनी काहीच धरलं नाही. नुसता सगळा हात माझ्या हातात दिला. मी आयुष्यभर हात वाचले. हा हात सुजलेला होता. तळव्यावर फोड, काही फुटलेले. नखांत माती आणि चुना.

“हे काय केलं?”

“भितीत भोक पाडलं. तुमच्या दगडाच्या मापाचं. परवा तुमी हिंगोलीला गेल्ते, तवा इथं येऊन दगड वितीनं मोजून गेलो. सांजच्याला दगड घेऊन या. आन बाकावर बसा.”

रुमाल अजून वर होता. वर माझा चेहरा दगडासारखा ठेवायचा मी प्रयत्न केला. “बदल्यात काय पाहिजे?”

“काही न्हाई.”

“मंग तवा काहून नको म्हणलं?”

“तवा मला वाटलं, तुमच्या दगडानं मंडळी लहान व्हईल. दगड न लावताबी लहान झाली. बारातली पाच गेली. त्यापरीस दगड हलका हाय.” मग मामांनी हात सोडवून घेतला. “आन एक. ‘कोण वारलं’ म्हणलो ते चुकलं. लोक हसले त्यात तुमचा कमीपणा झाला. मी मंडळीतला म्हातारा, मी हसवायला नको हुतं. त्याची माफी मागाया आलो.”

हे ते रुमालाबाहेर बोलले. हमालांसमोर.

समोरचा एका दमात कबूल झाला की व्यापारी घाबरतो. आपण कमी मागितलं का, माल खराब आहे का, असं वाटतं. मला माझा भाव मिळाला होता. नाव, भिंत, माफी, सगळं. आणि कोणीतरी मला लुटून गेल्यासारखा मी उभा होतो. “जा, बघतो,” म्हणालो. तेही ओरडून. ते काठी टेकत गेले. रस्ता ओलांडताना त्यांनी आधी एका बाजूला कान दिला, मग दुसऱ्या.

उन्हं कलायच्या आत मी भोक बघायला गेलो. खरं सांगतो, माप तपासायला गेलो. दाराच्या उजव्या अंगाला भोक होतं. लांबी बराबर, रुंदी बराबर. बोटभराचाही फरक नाही. पण भिंत जुनी, मातीत दगड बसवलेली. वरचा दगड निघाला तसं आतलं ढासळलं होतं. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. तिथं दगड बसवला असता तर तो आत पडून दिसेनासा झाला असता. मामांनी लांबी मोजली, रुंदी मोजली. खोली मोजायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. मला हसू आलं.

आतून खराट्याचा आवाज येत होता. रूथ फरशीवर पडलेली माती झाडत होती.

“तू इथं काय करून राहिली?”

“आपली पाळी हाय हा आठवडा.”

“आपली कुठली पाळी? आपण तर वेगळे झालो.”

“तुमी झाले. पाळी कुठं वेगळी झाली?” तिनं माती सुपात भरली. “तुमी काशीबाईला बंद केलं. तवापून आपली पाळी आली की मीच येते. मामा दार उघडून देतेत आन बाहेर बसतेत. बोलत न्हाई काही.”

मी तिच्या हातातलं सूप घेतलं आणि माती बाहेर टाकून आलो. एवढंच. यापेक्षा जास्त काही केल्याचं मी सांगणार नाही, कारण केलं नाही.

मग आमच्यातली बाकीची चारही घरं फिरलो. भावानं विचारलं, “दगड घेऊन जायचं का?” मी म्हटलं, “दगड राहू दे. तू चाल.” तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला आणि मग चप्पल न घालताच निघाला, टोकाची जागा चुकवायला धावला असणार.

घरोघर फिरण्यात मलाच उशीर झाला. चर्चमध्ये शिरलो तेव्हा पाळकसाहेब कमरेला टॉवेल बांधून उभे होते. बाक भरला होता, दोनच जागा रिकाम्या. एक मामांची जागा, जी ते पाणी ओतून झाल्यावर घ्यायचे, आणि तिच्या पलीकडं टोकाची. धरून देणाऱ्याची. इतर वेळी कोणीतरी हमखास खाकरलं असतं. त्या दिवशी कोणी नाही. मी जाऊन बसलो. बाया भिंतीशी होत्या, त्यांत रूथ. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, पुस्तकाकडं बघितलं.

धुणं सुरू झालं. पहिल्या माणसाचे पाय, दुसऱ्याचे. मामा तांब्या धरून पुढं सरकत होते. फोडांच्या हातात तांब्या राहीना. पाणी घमेल्यात कमी आणि फरशीवर जास्त पडत होतं. तिसऱ्या माणसाशी अर्धा तांब्या खाली सांडला. पिवळं पाणी माझ्या फरशीच्या सांध्यांतून धावत बाकाच्या टोकापर्यंत आलं. पाचव्याशी तांब्या हातातून सुटता सुटता राहिला.

मला सहन होईना. माझा स्वभावच तसा आहे. मी उठलो, तरातरा गेलो आणि मामांच्या हातातला तांब्या ओढून घेतला. “आणा इकडं. सगळी फरशी वली करून राहिले.”

चर्चमध्ये इतकी शांतता झाली की बाहेर गणपतची कढई ऐकू आली. मी भांडतोय असं सगळ्यांना वाटलं. मला स्वतःलाही तसंच वाटलं. पण तांब्या हातात होता आणि पाळकसाहेब खाली वाकून वाट बघत होते. मग काय करणार? ओतलं. सहाव्याच्या पायांवर, सातव्याच्या. माझ्या भावाच्या पायांवर ओतलं. त्याच्या टाचेला भेगा होत्या, मला माहीत नव्हत्या. ज्याला मी रस्त्यात बघून तोंड फिरवत होतो, त्याच्याही पायांवर ओतलं. वरून उभं राहून बघितलं की बारा घरांचे पाय सारखेच दिसतात. पिवळे, आणि थोडे लाजलेले.

तोवर मामा चाचपडत बाकाशी गेले आणि बसले. आपल्या जागी नाही, माझ्या जागी बसले. टोकावर.

मी हळूच म्हटलं, “मामा, ती जागा तुमची न्हाई. जरा अलीकडं सरका.”

“बसू द्या,” मामा म्हणाले. “इथंबी पाणी येतंच की.”

पाळकसाहेबांनी मामांचे पाय हातात घेतले आणि मी पाणी ओतलं. प्रभूनं त्या संध्याकाळी बाराव्याला वगळलं नव्हतं, हे मी लहानपणापासून दरवर्षी ऐकत आलो होतो. इतक्या वर्षांत मी ते पहिल्या अकरा जागांवरून ऐकलं होतं.

शेवटी माझे पाय राहिले. मी मामांच्या शेजारी बसलो. मामांनी हात पुढं केला, तांब्या मागितला. दोन्ही हातांनी धरून त्यांनी माझ्या पायांवर पाणी ओतलं. बरंचसं फरशीवर गेलं. या वेळी मी पाय जरा पुढं सरकवले. मग भाकर मोडली गेली, प्याला फिरला. रूथनं प्याला घेतला तेव्हा मी तिच्याकडं बघत होतो. तिनं डोळे मिटले होते. तिनं काय गिळलं आणि काय गिळायचं राहिलं, ते मी कधी विचारलं नाही.

शनिवारी सावड पुन्हा सुरू झाली. पहिलं रान कोणाचं, यावरून भांडण झालंच. मीच केलं.

ते भोक बुजवलं नाही. तिथं आता कोनाडा आहे; तांब्या आणि तो पिवळा टॉवेल त्यात राहतो. दगड वर्षभर माझ्या गोदामात पडून होता. पुढं चर्चच्या दारात नळ आला, तिथं चिखल व्हायला लागला, लोक घाण पाय घेऊन माझ्या फरशीवर यायचे. मी दगड उचलून नेला. गवंड्यानं विचारलं, “शेट, अक्षरं वर का खाली?” मी अक्षरांवरून एकदा हात फिरवला. “खाली,” म्हणालो. याला कोणी नम्रता म्हणू नये. गुळगुळीत अंगावर माणसं घसरली असती. खरखरीत अंगावर टाच घासली की हळद बरी निघते.

मामा दोन सालांमागं गेले. त्यांच्या कबरीवर दगड बसवायचं मी म्हटलं, त्यांचा मुलगा म्हणाला, “बाबांनी नको म्हणून सांगून ठेवलं.” त्यावरून मी त्याच्याशी दहा दिवस बोललो नाही. त्या जागी काही लिहिलेलं नाही. तरी ती जागा बारा घरांतल्या कोणालाही विचारा.

तांब्या त्या गुरुवारपासून माझ्याकडं आहे. तो कोणी दिला नाही, मीच ओढून घेतला होता, त्यामुळं परत कोणाला देता येत नाही. झाडलोटीच्या आठवड्यातही जातो. काशीबाई मला बघून म्हणते, “शेट, कोपरं ऱ्हायले,” आणि मुद्दाम उभी राहते.

मागच्या आठवड्यात नवे पाळकसाहेब आले. तरुण आहेत, सगळं विचारतात. नळाशी त्या दगडावर उभे राहून पाय धुता धुता त्यांनी आत नजर टाकली. “फरशी छान ठेवलीय हो. कोणी दिली?”

रूथ कोनाड्यात टॉवेलची घडी ठेवत होती. तिचा हात थांबला. हे उत्तर माझ्याकडं कितीतरी सालांपासून तयार आहे. हिंगोलीचं दुकान, चार चहा, दोनदा उठून जाणं, सगळं. पाळकसाहेबांच्या ओल्या पायांखाली माझं नाव होतं.

“बारा घरांची हाय, साहेब,” मी म्हटलं.

“छान,” ते म्हणाले आणि आत गेले. पुन्हा विचारलंसुद्धा नाही. आणखी एकदा तरी विचारायचं होतं. इतक्या स्वस्तात मी आयुष्यात काही सोडलं नव्हतं. कानशिलं तापली. मी तसाच तरातरा आत निघालो.

“अहो,” रूथ म्हणाली, “पाय.”

खाली बघितलं. घोट्यापर्यंत पिवळे. मी मागं फिरलो, दगडावर उभा राहिलो. तिनं कोनाड्यातून तांब्या काढला आणि नळाखाली धरला.